रंग पक्का झाला, मीठ कुठे गेले?

जुन्या साड्या-धोतरांचे तुकडे जोडून वाकळ शिवण्याची रीत शिरोळच्या परिसरात जुनी आहे. शेजारच्या इचलकरंजीच्या मागांवरचे सुती कापडही इथे सहज मिळते. असे कापड घरी रंगवावे, बांधणीची नक्षी करावी आणि मग शिवावे, या छंदात रसायनशास्त्राचा एक चांगला पाठ दडलेला आहे.

सुती तुकडा हळदीच्या पाण्यात उकळला की छान पिवळा होतो. पण साबण लावताच तो लालसर होतो आणि उन्हात लवकर विटतो. हळदीतील करक्युमिन धाग्याला दुबळ्या बंधांनी धरून असते. शिवाय अल्कात आणि प्रकाशात ते स्वतःच बदलते.

रिॲक्टिव्ह रंगांचे तसे नाही. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन यांनी १९५४ च्या सुमारास हे रंग शोधले व १९५६ मध्ये ते बाजारात आले. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट असतात. धुण्याच्या सोड्याने पाणी अल्कधर्मी केले की हे गट रंगाच्या रेणूशी सहसंयुजी बंध जोडतात. रंग मग धाग्याचाच भाग होतो. पॉलिएस्टरमध्ये असे गट जवळजवळ नसतात. म्हणून पॉलिएस्टरच्या धाग्याने आधी टाके घालून कापड रंगवले, तर टाके पांढरेच राहतात. विद्यार्थ्यांना हे जरूर दाखवावे.

मग मीठ कशाला? पाण्यात सुती धाग्यावर ऋणभार असतो, रंगाच्या रेणूवरही ऋणभार असतो. दोघे एकमेकांना दूर लोटतात. मिठातील सोडिअम आयन मध्ये येऊन हे प्रतिकर्षण कमी करतात. १०० ग्रॅम कापडासाठी साधारण २ लिटर पाणी, २ ग्रॅम रंग, १०० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम सोडा लागतो. वर्गात २५ ग्रॅमचे ४० रुमाल रंगवले, तर १ किलो मीठ आणि २०० ग्रॅम सोडा खर्ची पडेल. यांतले काहीच कापडात राहत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन वाया गेलेल्या रंगासह सगळे मोरीत जाते.

क्षारपड जमिनीचे दुखणे शिरोळ तालुक्याला नवे नाही. काळ्या मातीत सोडिअम वाढले की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. एका वर्गाच्या मिठाने तालुका खारावणार नाही, पण परसातला वाफा बिघडू शकतो. लिंबू पिळून अल्कता घालवता येईल, सोडिअम मात्र तिथेच राहील. कापड-प्रक्रिया कारखान्यांपुढेही हाच पेच मोठ्या प्रमाणावर असतो. सांडपाण्यातला रंग काढण्याच्या मानाने विरघळलेले मीठ काढणे फार खर्चाचे असते.

घरी मात्र सोपा उपाय आहे. नवे कापड प्रथम उकळून खळ काढावी. लिटरला ५० ग्रॅम सोडा घालून त्यात ते अर्धा तास भिजवावे व पिळावे. हवी तशी गाठ बांधून त्यावर रंगाचे दाट द्रावण थेट ओतावे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावे. पाणी थोडे असल्याने रंग धाग्याजवळच राहतो आणि मिठाची गरज उरत नाही. १ किलो कापड पिळल्यावर साधारण १ लिटर द्रावण धरते, म्हणजे सोडा २०० ऐवजी ५० ग्रॅमच जातो. उरलेले द्रावण पुढच्या खेपेला वापरावे. सकाळी कापड आधी गार, मग गरम साबणाच्या पाण्यात, निथळ पाणी येईपर्यंत धुवावे.

रंगाची कोरडी पूड श्वासावाटे गेल्यास काहींना दमा होऊ शकतो. म्हणून द्रावण शिक्षकांनीच तोंडाला मास्क लावून करावे, सर्वांनी हातमोजे घालावेत आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

रुमाल वाळले की ते जोडून वर्गाची एक वाकळ शिवावी. शेजारी फळ्यावर मिठाचा आणि सोड्याचा हिशेबही मांडावा. कापडावर काय राहिले आणि पाण्यात काय गेले, हे दोन्ही मुलांना एकाच वेळी दिसावे.