सिझेरियननंतरची तीव्र डोकेदुखी

सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत उद्भवणाऱ्या तीव्र डोकेदुखीची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एक कारण केवळ शरीराच्या स्थितीवरून ओळखता येते. बाळंतीण उठून बसली किंवा उभी राहिली की थोड्याच वेळात कपाळापासून मानेपर्यंत असह्य वेदना सुरू होते आणि ती आडवी झाली की ही वेदना ओसरते. अशी डोकेदुखी बहुधा शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी सुरू होते व तिचा उगम डोक्यात नसून कंबरेत, म्हणजे भुलीची सुई जिथे टोचली गेली त्या जागी असतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव असतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात तो कोणत्याही वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात साधारण ५०० मिलिलिटर नव्याने तयार होऊन तितकाच रक्तात शोषला जातो. या द्रवात तरंगत असल्यामुळेच सुमारे १४०० ग्रॅम वजनाच्या मेंदूचा भार कवटीच्या तळाला जेमतेम ५० ग्रॅमइतकाच जाणवतो. हा द्रव ज्या चिवट आवरणात साठवलेला असतो त्याला ड्युरा म्हणतात. कंबरेखालचा भाग बधिर करणाऱ्या स्पायनल भुलीत ड्युरा भेदूनच औषध आत सोडावे लागते, आणि सुई काढल्यावर उरलेले सूक्ष्म छिद्र लगेच बुजले नाही तर त्यातून द्रव पाझरत राहतो. द्रव घटला की उभ्या स्थितीत मेंदू किंचित खाली सरकतो व त्याला धरून ठेवणाऱ्या, वेदना जाणणाऱ्या पडद्यांना आणि रक्तवाहिन्यांना ताण बसतो. शिवाय कवटीची जागा ठरलेली असल्याने द्रवाची उणीव भरून काढण्यासाठी आतल्या शिरा फुगतात आणि त्यामुळेही वेदना वाढते. मान आखडणे, मळमळणे, कानांत गुणगुण होणे आणि क्वचित एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे याच ताणातून निर्माण होतात.

ही व्यथा स्पायनल भुलीइतकीच जुनी आहे. जर्मनीतील कील येथील शल्यविशारद आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये ही पद्धत प्रथम वापरली आणि त्याच वर्षी आपला सहायक हिल्डेब्रांट याच्यासह स्वतःवरही तिचा प्रयोग केला. सिरिंज सुईला नीट न बसल्याने त्या प्रयोगात बीअर यांच्या पाठीतून बराच द्रव वाहून गेला आणि त्यानंतर नऊ दिवस त्यांना डोकेदुखीने ग्रासले, जी आडवे होताच थांबत असे. त्या काळच्या सुया जाड होत्या. पुढे सुया बारीक होत गेल्या, पण खरा फरक टोकाच्या आकाराने पडला. धारदार टोकाची सुई आवरण कापत जाते, तर १९५१ मध्ये व्हिटाकर यांच्या नावाने प्रचारात आलेली पेन्सिलच्या टोकासारखी सुई तंतू कापण्याऐवजी बाजूला सारत आत शिरते. अशा बारीक सुयांमुळे आज ही डोकेदुखी शंभरांत एखाद्याच स्त्रीला होते. मात्र एपिड्युरल भुलीत, जिथे ड्युराच्या बाहेरच थांबायचे असते, जाड सुई चुकून ड्युरा भेदून गेली, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास होतो. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर भुलीचा प्रकार आणि अशी घटना घडली असल्यास तिची नोंद स्पष्टपणे असणे म्हणूनच फार मोलाचे आहे.

स्पायनल भुलीनंतर चोवीस तास उशी न घेता, डोके न उचलता पडून राहण्याची सक्ती अजूनही अनेक ठिकाणी केली जाते. आडवे पडल्याने डोकेदुखी सुरू झाल्यानंतर आराम मिळतो हे खरे असले, तरी अशा सक्तीने ती टळत नाही, असेच अभ्यासांतून दिसले आहे. उलट पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असलेल्या बाळंतिणीला विनाकारण खिळवून ठेवणे हिताचे नाही. वेदनाशामक औषधे आणि पुरेसे द्रवपदार्थ यांनी बहुतेकींना आठवडा-दोन आठवड्यांत बरे वाटते. ज्यांना बसून बाळाला दूध पाजणेही अशक्य होते, त्यांच्यासाठी भूलतज्ज्ञ हातातील शिरेतून घेतलेले सुमारे २० मिलिलिटर रक्त ड्युराच्या बाहेरील पोकळीत सोडतात. १९६० मध्ये गॉर्मली यांनी मांडलेल्या या उपायात ते रक्त गोठून छिद्रावर लिंपण बसवते, आणि कित्येकदा काही तासांतच ती स्त्री उठून बसू शकते.

आडवे झाल्यावरही न थांबणाऱ्या डोकेदुखीला मात्र ‘मणक्यातल्या इंजेक्शनने दुखते आहे’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, प्रसूतीबरोबर संपतोच असे नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब सर्वाधिक चढतो, आणि नेमक्या त्याच सुमारास बाळंतीण घरी पोहोचलेली असते. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे ही झटके येण्याची पूर्वसूचना असू शकते. रक्तदाब १६० वर ११० किंवा अधिक असेल तर उपचाराला तासाभराचाही विलंब परवडत नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे मेथिलअर्गोमेट्रिन हे औषधही रक्तदाब वाढवू शकते.

दुसरे गंभीर कारण म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत होणारी गुठळी. गरोदरपणात रक्ताची गोठण्याची क्षमता वाढते व प्रसूतीनंतर काही आठवडे ती तशीच राहते. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, रक्तक्षय आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांनी धोका आणखी वाढतो. पोट सुटेल या समजुतीने ओल्या बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची काही घरांतील चाल या दृष्टीने अत्यंत घातक आहे. गुठळीची डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाते, तिच्यासोबत उलट्या, अंधुक दिसणे, झटके किंवा हातापायातील दुर्बलता येते. कधी सुरुवातीला उठण्या-झोपण्याप्रमाणे बदलणारी वेदना अचानक स्थितीची पर्वा न करता अखंड होऊ लागते, आणि हा बदलच एमआरआय व शिरांची तपासणी तातडीने करण्यास पुरेसे कारण असतो. निदान झाल्यावर रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन दिले जाते आणि वेळेत दिल्यास बहुसंख्य स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.