जॉनी आणि लूथर

१९९९ च्या अखेरीस काढलेला एक फोटो तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. पुढे लांब केसांचा, मुलीसारख्या नाजूक चेहऱ्याचा मुलगा. मागे त्याचा भाऊ, कपाळावरचे केस भादरलेले, तोंडात चिरूट. जॉनी आणि लूथर ह्टू. जुळे. वय बाराच्या आसपास, आणि दोघंही 'गॉड्स आर्मी' या कारेन बंडखोर टोळीचे पुढारी!

कारेन हे म्यानमारच्या पूर्व सीमेवरचे लोक. बहुतेक बौद्ध, पण बॅप्टिस्ट मिशनऱ्यांमुळे बरेच ख्रिस्ती. १९४९ पासून त्यांचा सरकारशी सशस्त्र लढा चालू आहे. १९९७ मध्ये लष्कराने दक्षिणेकडची कारेन गावं उद्ध्वस्त केली, तेव्हा जंगलात पळालेल्या माणसांमध्ये एक बोलवा पसरली, की या जुळ्यांना गोळी लागत नाही.

कॅटेकिझमच्या वर्गात दावीद आणि गल्याथची गोष्ट आम्हीही डोळे विस्फारून ऐकायचो. फरक एवढाच, की नंतर घरी जाऊन जेवायचो. तिथे घरच जळलेलं होतं. शाळा नाही, शेत नाही. जिथे भात शिजतो ती छावणी, आणि छावणी म्हणजे सैन्य. अशा ठिकाणी मूल 'भरती' होत नाही, ते तिथेच राहतं आणि एक दिवस त्याच्या हातात बंदूक येते. छावणीत प्रार्थना व्हायची, भजनं म्हटली जायची. दारू, अंडी, डुकराचं मांस वर्ज्य. (चिरूट मात्र चालायचा.) मोठी माणसं या दोघांना खांद्यावर घेऊन फिरायची. सेनापती म्हणून की लहान पोरं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपण चमत्काराच्या गोष्टीतच रमतो, आणि सरकारी बाजू नजरेआड होते. ह्युमन राइट्स वॉचच्या २००२ च्या अहवालानुसार जगात सर्वांत जास्त बालसैनिक म्यानमारमध्ये होते, आणि त्यातले बहुतेक सरकारी लष्करात. रेल्वे स्टेशनवर, बसस्टॉपवर एकटा मुलगा दिसला की पकडायचे. ओळखपत्र नाही? मग तुरुंग की लष्कर, बोल. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

जानेवारी २००० मध्ये या टोळीशी संबंध असलेल्या दहा बंदूकधाऱ्यांनी थायलंडमधल्या राचाबुरीचं हॉस्पिटल ताब्यात घेतलं. दहाही मारले गेले. वर्षभराने जुळ्यांनी मूठभर साथीदारांसह थाई अधिकाऱ्यांपुढे शस्त्रं ठेवली. मग निर्वासित छावणी, आईजवळ. पुढे लूथर स्वीडनला गेला. जॉनी २००६ मध्ये म्यानमारला परतला आणि ज्या लष्कराविरुद्ध लढला होता, त्याच्याच स्वाधीन झाला.