थबकलेल्या पावलांना तालाचा आधार

उंबऱ्याशी आल्यावर पाय एकाएकी जमिनीला खिळतात. ‘चल’ असे मनाला कितीही वाटले तरी पाऊल उचलत नाही. पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या अनेक रुग्णांना हा अनुभव येतो. अशा वेळी शेजारी कुणी संथ लयीत टाळ्या वाजवल्या, तर तेच पाऊल पुष्कळदा सहज पुढे पडते.

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. चालण्यासारख्या सवयीच्या हालचालींना आतून वेळ देणारी यंत्रणा त्यामुळे मंदावते. बाहेरून ऐकू येणारा ठोका मात्र कानामार्गे हालचालींच्या इतर केंद्रांना जागे करतो. हमरस्ता बंद पडल्यावर पांदणीने गाव गाठावे, तसेच हे.

अमेरिकेत मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तालाचा हा परिणाम मोजून दाखवला. रुग्ण तीन आठवडे, रोज अर्धा तास, ठरावीक ठेक्याच्या संगीतावर चालले. त्यांच्या चालण्याचा वेग सुमारे 25 टक्क्यांनी, तर पावलाची लांबी सुमारे 12 टक्क्यांनी वाढली.

पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. पार्किन्सन्स मित्रमंडळ या मदतगटाच्या सभासदांनी त्यात भाग घेतला. अशा वर्गातून शरीराला व्यायाम मिळतोच. शिवाय आजारामुळे घरात कोंडून घेतलेली माणसे चारचौघांत येतात. गाण्याचाही उपयोग होतो. कंपवातात आवाज बारीक होत जातो आणि गाताना श्वास व स्वर दोहोंचा सराव घडतो.

असे काही करायचे तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही तालाला तोटा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजेरी भजन इथे गावोगावी रंगते. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, ढोल घुमतो, बंजारा तांड्यावर होळीला लेंगी गीते रंगतात. भजनी मंडळांनी गावातल्या कंपवाताच्या रुग्णाला आवर्जून बोलवावे, त्याच्या हाती टाळ द्यावेत. ओळखीची चाल पटकन अंगात भिनते.

संगीताने आजार बरा होत नाही. लिव्होडोपासारखी औषधे परस्पर कमी किंवा बंद करू नयेत. तालावर चालण्याची सुरुवात डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावी. ठेका रुग्णाच्या नेहमीच्या चालण्याच्या गतीइतकाच ठेवावा, जमू लागल्यावर किंचित वाढवावा. तोल जाण्याचा धोका असल्याने चालताना घरचे कुणीतरी सोबत असायलाच हवे.