अ‍ॅव्ह्रो अ‍ॅन्सन विमानांची युद्धकालीन हानी

अ‍ॅव्ह्रो अ‍ॅन्सन हे दोन इंजिनांचे ब्रिटिश विमान दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी किनारी गस्तीसाठी वापरले गेले. पुढे युद्ध संपेपर्यंत वैमानिक, मार्गनिर्देशक, बिनतारी संदेशक व तोफची यांच्या प्रशिक्षणासाठी त्याचा उपयोग झाला. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियात या काळात अ‍ॅन्सन विमाने मोठ्या संख्येने नष्ट झाली. मात्र शत्रूच्या गोळीबाराने पडलेल्या विमानांचा त्यांत वाटा लहान होता. ढग, डोंगर, वारा, आकाशातील टकरी आणि शिकाऊ हातून झालेल्या चुका हीच हानीची मुख्य कारणे होती. लढायांच्या इतिहासात त्यामुळे या हानीची दखल क्वचितच घेतली जाते.

रचना

रॉय चॅडविक यांनी इम्पीरियल एअरवेज या कंपनीसाठी अ‍ॅव्ह्रो ६५२ हे छोटे प्रवासी विमान तयार केले होते. अ‍ॅन्सन ही त्याचीच लष्करी आवृत्ती होय. तिचे पहिले उड्डाण २४ मार्च १९३५ रोजी झाले आणि मार्च १९३६ मध्ये ती मॅन्स्टन येथील ४८व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. अठराव्या शतकातील नौसेनापती जॉर्ज अ‍ॅन्सन यांचे नाव तिला देण्यात आले. आत ओढून घेता येणारी चाके असलेले हे रॉयल एअर फोर्सचे पहिले एकपंखी विमान होते. मात्र चाके वर घेण्यासाठी हाताने दांडा सुमारे १४० वेळा फिरवावा लागे. लहान उड्डाणांत कर्मचारी हा खटाटोप टाळून चाके खालीच ठेवत आणि कमी झालेला वेग सोसत.

विमानाला प्रत्येकी सुमारे ३५० अश्वशक्तीची दोन चीटा इंजिने होती. कमाल वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर, तर पल्ला सुमारे १,२७० किलोमीटर होता. पंख लाकडी होते, तर धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवून केलेले होते. उड्डाणात स्थिर आणि दुरुस्तीला सोपे असल्याने कर्मचारी त्याला प्रेमाने ‘विश्वासू अ‍ॅनी’ म्हणत. उत्पादन १९५२ पर्यंत चालले. एकूण ११,०२० विमाने बांधली गेली, त्यांपैकी २,८८२ कॅनडात.

किनारी गस्त

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा रॉयल एअर फोर्सकडे ८२४ अ‍ॅन्सन विमाने होती. कोस्टल कमांडच्या दहा स्क्वाड्रन त्यांच्यावर अवलंबून होत्या. जहाजांच्या ताफ्यांवर नजर ठेवणे, पाणबुड्या शोधणे आणि उत्तर समुद्रावर फेऱ्या घालणे हे त्यांचे काम होते. त्यासाठी हे विमान मुळातच अपुरे होते. स्कॉटलंडहून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याइतका त्याचा पल्ला नव्हता. बॉम्ब वाहून नेण्याची क्षमता सुमारे १६० किलोग्रॅम, म्हणजे नाममात्रच होती. त्या बॉम्बचा पाणबुडीवर कितपत परिणाम होई, हे ३ डिसेंबर १९३९ च्या घटनेवरून कळते. त्या दिवशी एका अ‍ॅन्सनने ‘स्नॅपर’ या ब्रिटिश पाणबुडीला चुकून शत्रूची समजून तिच्यावर बॉम्ब टाकला. ४५ किलोग्रॅमचा तो बॉम्ब अचूक बसला, तरी आतील काही दिवे फुटण्यापलीकडे पाणबुडीचे नुकसान झाले नाही.

हवाई चकमकींत हे विमान अगदीच हतबल होते असे नाही. १ जून १९४० रोजी डंकर्कजवळ ५००व्या स्क्वाड्रनच्या तीन अ‍ॅन्सन विमानांवर नऊ मेसरश्मिट लढाऊ विमानांनी हल्ला केला. अ‍ॅन्सनच्या कर्मचाऱ्यांनी त्यांपैकी दोन पाडल्याचा दावा केला आणि तिन्ही विमाने परतली. हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, पण तो अपवाद होता. अमेरिकी बनावटीची लॉकहीड हडसन विमाने जशी मिळत गेली तशी अ‍ॅन्सन गस्तीवरून काढून प्रशिक्षण शाळांकडे पाठवण्यात आली.

प्रशिक्षणातील धोके

१७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा येथे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यात राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेचा करार झाला. या योजनेतून एकट्या कॅनडात १,३१,५५३ हवाई कर्मचारी तयार झाले, तर प्रशिक्षणाच्या अपघातांत ८५० हून अधिक जण बळी पडले अथवा गंभीर जखमी झाले. दोन इंजिनांची विमाने चालवण्याचा आणि मार्गनिर्देशनाचा सराव प्रामुख्याने अ‍ॅन्सनवर होत असे.

यांपैकी मार्गनिर्देशनाचा सराव विशेष धोकादायक होता. त्या काळी वेग, दिशा व वेळ यांवरून विमान कोठे आहे याचे गणित केले जाई. वारा त्या गणितात नेहमीच गोंधळ घाली. बाजूने वाहणाऱ्या ताशी ३० किलोमीटर वाऱ्याचा अंदाज साफ चुकला, तर तासाभरात विमान ठरलेल्या मार्गापासून ३० किलोमीटर बाजूला जाते. जमीन दिसत असेल तर खुणा पाहून चूक सुधारता येते. ढगांवर किंवा रात्रीच्या दिवाबंदीत ती सोय नसे. विमान समुद्रावर आहे अशा समजुतीने ढगांतून खाली येणे आणि प्रत्यक्षात खाली डोंगर असणे, हा अशा अपघातांचा ठरावीक प्रकार होता.

उंचीमापकही पूर्ण भरवशाचा नव्हता. हे उपकरण हवेचा दाब मोजून उंची दाखवते. उड्डाणानंतर विमान कमी दाबाच्या प्रदेशात शिरले आणि उपकरण नव्याने जुळवले नाही, तर ते खऱ्यापेक्षा अधिक उंची दाखवते. पंखांवर बर्फ साचला की वजन वाढते, पंखाचा आकार बिघडतो आणि विमानाला उंची टिकवणे कठीण होते. मार्ग आखणारा मार्गनिर्देशक शिकाऊ असे, आणि पुष्कळदा वैमानिकही नुकताच प्रशिक्षण संपवून आलेला असे.

डोंगरांतील अपघात

१३ एप्रिल १९४१ रोजी स्कॉटलंडमधील किनलॉस तळावरून सहा जणांना घेऊन निघालेले एन ९८५७ क्रमांकाचे अ‍ॅन्सन हिमवादळात सापडले आणि बेन मोर असिंट या डोंगरावर कोसळले. अवशेष २५ मे रोजी, म्हणजे सहा आठवड्यांनी सापडले. सर्व कर्मचारी मृत झाले होते. देह खाली आणणे अवघड असल्याने त्यांना अपघातस्थळीच पुरण्यात आले. २०१३ मध्ये हेलिकॉप्टरने ग्रॅनाइटची शिळा नेऊन तेथे नवे स्मारक बसवण्यात आले.

वेल्समध्ये १,०८५ मीटर उंचीच्या स्नोडन शिखराभोवतीचा प्रदेश समुद्राला लागून आहे. आयरिश समुद्रावरील सराव उड्डाणांचे मार्ग जवळूनच जात असल्याने तेथे अपघात वारंवार होत. अपघातातून वाचलेले काही जण मदत वेळेवर न पोहोचल्याने थंडीत दगावत. लॅन्डव्रॉग तळावरील वैद्यकीय अधिकारी जॉर्ज ग्रॅहम यांनी स्वयंसेवकांची तुकडी जमवून तिला डोंगरात चढण्याचे प्रशिक्षण दिले. १९४३ मध्ये अधिकृत झालेल्या रॉयल एअर फोर्सच्या पर्वतीय बचाव सेवेचा आरंभ या तुकडीपासून मानला जातो.

ब्रॉकल्सबीची टक्कर

प्रशिक्षणातील सर्वांत विलक्षण अपघातात जीवितहानी झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २९ सप्टेंबर १९४० रोजी वॉगा वॉगाजवळील तळावरून सराव उड्डाणावर निघालेली दोन अ‍ॅन्सन विमाने ब्रॉकल्सबी गावावर सुमारे ३०० मीटर उंचीवर एकमेकांवर आदळली आणि एकावर एक अडकून बसली. वरच्या विमानाची इंजिने बंद पडली, तर खालच्या विमानाची पूर्ण शक्तीने चालू राहिली. वरच्या विमानाचे वैमानिक लिओनार्ड फुलर यांच्या लक्षात आले की आपल्या विमानाच्या पंखांवरील नियंत्रणांनी दोन्ही विमाने मिळून वळवता येतात. खालच्या विमानातील दोघे आणि फुलर यांचा मार्गनिर्देशक हवाई छत्रीने उतरले. फुलर यांनी सुमारे ८ किलोमीटर उड्डाण करून ती जोडी एका शेतात उतरवली. वरचे विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडाले, तर खालच्याचा उपयोग जमिनीवरील प्रशिक्षणासाठी झाला.

या कामगिरीबद्दल फुलर यांना बढती मिळाली, आणि परवानगीवाचून वृत्तपत्रांशी बोलल्याबद्दल चौदा दिवस बराकीत राहण्याची शिक्षाही झाली. पुढे भूमध्यसागरी आघाडीवर त्यांनी शौर्यपदक मिळवले. मार्च १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियात सायकलवरून जात असताना बसशी टक्कर होऊन त्यांचा मृत्यू झाला.

बेपत्ता विमाने

३० ऑक्टोबर १९४२ रोजी कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावरील पॅट्रिशिया बे तळावरून चार जणांसह सरावासाठी गेलेले एल ७०५६ क्रमांकाचे अ‍ॅन्सन परतले नाही. तिघे ब्रिटिश आणि एक कॅनडियन होता. दाट जंगलामुळे शोध निष्फळ ठरला. ७१ वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, पोर्ट रेन्फ्रू गावाजवळ लाकूडतोड करणाऱ्या कामगारांना त्याचे अवशेष आढळले. पुढील वर्षी अस्थी बाहेर काढण्यात आल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हिक्टोरिया येथे लष्करी इतमामात दफन झाले. नातेवाइकांच्या दृष्टीने हे चौघे तोपर्यंत केवळ बेपत्ता होते.

नोंदी व स्मारके

रॉयल एअर फोर्समध्ये प्रत्येक अपघाताची नोंद ‘फॉर्म ११८०’ या कार्डावर केली जाई. त्यात विमानाचा क्रमांक, तुकडी, हवामान व ठरवलेले कारण लिहिलेले असे. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा सहज पडे, परंतु अपुरे प्रशिक्षण, घाई आणि थकवा यांचा वाटा एका ओळीत मावत नसे. एकूण चित्र किती मोठे होते हे बॉम्बर कमांडच्या उदाहरणावरून दिसते. तिच्या ५५,५७३ मृतांपैकी आठ हजारांहून अधिक जण प्रशिक्षणात किंवा अपघातांत गेले. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने तर युद्धकाळात स्वतःच्याच देशातील अपघातांत सुमारे १५,००० माणसे गमावली.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोग प्रशिक्षणात मृत्यू पावलेल्यांत व लढाईत पडलेल्यांत भेद करत नाही. दोघांच्या कबरींवरील शिळा एकाच नमुन्याच्या असतात. ओटावा येथील ग्रीन आयलंडवर १९५९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजमधील तळांवरून सेवा बजावताना किंवा कॅनडा व अमेरिकेत प्रशिक्षण घेताना मृत्यू पावलेल्या, आणि ज्यांची कबर ज्ञात नाही अशा सुमारे ८०० हवाई कर्मचाऱ्यांची नावे कोरलेली आहेत.