शेजारच्या कुकरची वेळ

"साउंड?"

"रोलिंग."

"कॅमेरा?"

"रोलिंग."

पाटी पुढे येते, टाळी वाजते, आणि भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी होते. हेडफोनवाला मुलगा हात वर करतो. कट.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीतलं हे स्वयंपाकघर दिग्दर्शिकेच्या मावशीचं आहे. जनसंज्ञापन शिकणारी सात-आठ मुलं वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी इथे लघुपट करताहेत. प्रसंग एवढाच, की आजी पोळ्या लाटते आहे आणि नातू परगावी नोकरी लागल्याचं तिला सांगतो आहे. ओटा, मांडणी आणि लाइटचे स्टँड यांच्यामध्ये जेमतेम पाऊल ठेवण्यापुरती जागा आहे. मी मोरीच्या उंबऱ्याशी अंग चोरून बसले आहे.

दिग्दर्शिका वैतागत नाही. ती गॅलरीतून शेजारच्या दारात जाते.

"काकू, अजून किती शिट्ट्या?"

"वरणाच्या दोन. मग बटाटे लावायचेत. बंद ठेवू का गं?"

"नको नको, काकांचं जेवण आहे ना. होऊ दे तुमचं."

परत येऊन ती कागदावरचा क्रम बदलते. संवाद मागे जातात. आजीचे हात, उंडा, तव्यावर फुगणारी पोळी हे बिनसंवादाचे शॉट पुढे येतात. साउंडवाला तेवढ्यात बूम भिंतीकडे वळवून शेजारची शिट्टीच रेकॉर्ड करून घेतो. दुपारची वेळ सांगायला ती पुढे उपयोगी पडेल, म्हणतो. कुणाच्या घरात काय चाललं आहे ते आधी विचारायचं आणि आपलं काम त्यात बसवायचं, हे या मुलीला आता अंगवळणी पडलेलं दिसतं.

कॅमेऱ्यात मात्र वेगळंच संकट उभं आहे. मॉनिटरवर करड्या पट्ट्या सरकताहेत. कॅमेरामन वर बघतो. छताला चोकवाली जुनी ट्यूब आहे. आपली घरगुती वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तो शटर १/६० वरून १/५० वर आणतो आणि पट्ट्या जातात. शेजारी उभा असलेला ज्युनिअर "कसं काय?" विचारतो, तेव्हा कॅमेरामन थांबून त्याला समजावतो. प्रत्येक फ्रेमला आता ट्यूबची पुरी दोन आवर्तनं मिळतात, म्हणून उजेड सारखा राहतो.

बटाटे उकडून होतात. आता संवाद. सगळे गप्प, तरी साउंडवाल्याच्या कपाळावर आठी. "घूं येतंय." मला काहीच ऐकू येत नाही. तो डोळे मिटून मान वळवतो आणि फ्रिजकडे बोट दाखवतो. फ्रिज बंद होतो. सहायक मुलगी लगेच आपल्या स्कूटरची किल्ली आत, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून देते. जाताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागणार, म्हणजे बटण चालू करायचं कुणी विसरणार नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे म्हणे, मी ती आज पहिल्यांदा बघते आहे.

इथून दोन-तीन किलोमीटरवर, लॉ कॉलेज रस्त्याला, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे बाहेरचा आवाज अडवणारी स्टेजेस आहेत. या मुलांच्या वाट्याला पेठेतली भिंत आली, आणि कान तयार व्हायला ती मला जास्त चांगली वाटते. शिकणारी मुलं बहुधा कॅमेऱ्यामागे धावतात. पण चित्र जरा धूसर असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, शब्द कळला नाही तर तो उठून जातो.

नातवाच्या शॉटला कॅमेरा खिडकीपाशी न्यायचा का, यावर वाद होतो. उजेड तिथे सुरेख आहे. दिग्दर्शिका पोळपाटावर दोन वाट्या ठेवते, एक आजी आणि एक नातू. एका वाटीपासून दुसरीपर्यंत लाटणं आडवं घालते आणि मोबाइल आधी लाटण्याच्या अलीकडे, मग पलीकडे धरते. अलीकडून आजी उजवीकडे बघताना दिसते. पलीकडे गेलं की नातूही उजवीकडेच बघतो. दोन्ही शॉट जोडले तर माणसं समोरासमोर बसल्याचं वाटणारच नाही. कॅमेरामन वाट्यांकडे बघत राहतो, मग म्हणतो, "थर्माकोल आण रे. खिडकीचा उजेड इकडे फिरवू." दोघांचंही राहतं.

जेवायला मावशींनी पिठलं-भाकरी केली आहे. पोरं जमिनीवर बसून जेवतात आणि आपापली ताटं घासून ठेवतात. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्या वेळी सरस्वतीबाई फाळके युनिटचा स्वयंपाक सांभाळत आणि कच्च्या फिल्मला छिद्रंही पाडत. सिनेमाचं काम आणि घरचं काम आपल्याकडे पहिल्यापासून असं शेजारी शेजारी चालत आलं आहे. श्रेयनामावलीत मावशींचं नाव कुठे घालायचं यावर मुलांची गंभीर चर्चा चालू आहे, आणि ती ऐकून मला फार बरं वाटतं.

संध्याकाळी पॅकअप. कंटिन्युइटी बघणारी मुलगी सकाळी काढलेले फोटो फोनवर उघडून मांडणीवरचा एकेक डबा जागच्या जागी ठेवते आहे. मावशी मागून बघतात.

"मोहरीचा डबा उजवीकडे असतो गं."

"सकाळच्या फोटोत डावीकडे आहे, मावशी."

"मग मीच घाईत ठेवला असेन."

मुलगी घुटमळते. "उद्या इथला एक शॉट राहिलाय. तोवर डावीकडेच राहू द्याल का?"

मावशी विचार करतात. "राहू दे. पण फोडणीच्या वेळी माझा हात उजवीकडे जातो. तेल तापल्यावर शोधत नाही बसणार मी."

मुलगी टेपचा तुकडा फाडते, त्यावर 'मोहरी डावीकडे' असं ठळक लिहिते आणि मांडणीच्या उजव्या कडेला चिकटवते. "उद्या शॉटच्या आधी काढीन," ती म्हणते आणि तेही आपल्या वहीत टिपून ठेवते.