फोटो वाचणाऱ्यांची सोसायटी

एकाच टेकडीचे दोन हवाई फोटो टेबलावर शेजारी ठेवायचे. दोन्हींत साधारण ६० टक्के भाग सारखाच हवा. वर दोन भिंगांचा स्टिरिओस्कोप ठेवून फोटो किंचित सरकवत राहायचं. एका क्षणी दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात आणि सपाट कागदातून टेकडी उभी राहते, ओढे खोल जातात.

डेहराडूनला १९६६मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने सुरू झालेल्या इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूटमध्ये हेच शिकवलं जाई. हे काम करणाऱ्या भूशास्त्रज्ञांना, वनाधिकाऱ्यांना, मृदातज्ज्ञांना एकमेकांशी बोलायला जागा हवी होती. त्यातून १९६९मध्ये ‘इंडियन सोसायटी ऑफ फोटो-इंटरप्रिटेशन’ उभी राहिली. तिच्या नियतकालिकाचं नाव होतं ‘फोटोनिर्वचक’. किती नेमका शब्द! यास्काने निरुक्तात वैदिक शब्दांचं निर्वचन केलं. इथे ते करड्या छटांचं करायचं होतं.

लगेचच या विद्येने रंगही पाहिले. १९७०मध्ये केरळात माडांवर ‘रूट विल्ट’ हा मर रोग पसरला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक राहिलेले पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेतले. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं, म्हणून त्या फिल्मवर ते लालभडक उमटतं. रोगट माड फिके दिसले. भारतातल्या सुदूर संवेदनाची (रिमोट सेन्सिंगची) सुरुवात या प्रयोगापासून मानतात.

पुढे कॅमेऱ्याबरोबर संवेदक आले, विमानाबरोबर उपग्रह. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ कक्षेत गेला. सोसायटीचंही नाव बदललं: ‘इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग’. मुख्यालय डेहराडूनलाच राहिलं, देशभर शाखा निघाल्या. वार्षिक परिसंवाद भरतात, आणि विक्रम साराभाईंचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, राष्ट्रीय सुदूर संवेदन दिन म्हणून साजरा होतो. 

हवाई मोजणी मात्र आता थेट गावठाणात उतरली आहे. गावठाणातल्या मिळकती ड्रोनने मोजणारी स्वामित्व योजना २०२०मध्ये जाहीर झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने घरांची मोजणी झाली होती. या योजनेत ड्रोन उडण्याआधी प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखतात. कौलांचा आणि पत्र्यांचा रंग काही असो, वरून ती पांढरी रेघ स्पष्ट दिसते. दोन भावांच्या अंगणामधल्या रेघेच्या कुठल्या बाजूला कोणाचं अंगण, हे मात्र फोटो सांगत नाही. त्यासाठी मोजणीदार तयार नकाशा हातात घेऊन पुन्हा गल्लीत येतो आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारतो.