पंख्यावाचून चालणारा संगणक

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांकरिता 'आकाश' हा पाटीएवढा संगणक सादर झाला. त्यात पंखा नव्हता. प्रक्रियकाची गती अवघी ३६६ मेगाहर्ट्‌झ. मंदपणाबद्दल टीका झाली, आणि ती रास्तच होती.

प्रक्रियकातील सूक्ष्म स्विचांच्या उघडझापीस लागणारी वीज विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती तीच ठेवून दाब निम्मा केला, तर या उघडझापीची उष्णता चौथाईवर येते. अशा काटकसरीने २०१४ मध्ये पंखा नसलेल्या लॅपटॉपांसाठी साडेचार वॅटचे प्रक्रियक निघाले.

ही उष्णता यंत्राच्या पाठीतून हवेत जावयाची, तर हवा पाठीहून थंड असावी लागते. दिल्लीच्या जूनमधील ४५ अंशांत तो फरक फारसा उरत नाही. तेव्हा प्रक्रियक आपणच गती घटवितो. वाचकांनी तो बिघाड समजू नये.